ज्याच्या त्याच्या फोनातली नाना बिरागो

फ्रेमाने निम्म्या मिरच्या वाटल्या होत्या, निम्म्या अजून टोमॅटोंबरोबर परातीत पडून होत्या. मातीच्या खरबरीत वाडग्यात मुसळी फिरवताना ती स्तोत्र म्हणायची. चार कडवी पुरी झाली की मिरची बारीक झाली, हे तिचं माप. त्या दिवशी दुसऱ्याच कडव्याला फोन वाजला. हात तिखटाने माखलेले, म्हणून तिने नाकाच्या शेंड्याने तो उचलला आणि मान वाकडी करून कानाशी धरला.

“आंटी, माझी आई पोलिसात होती का?”

अफ्रियेचा आवाज. तिची आई, नाना बिरागो, दीड महिना शवागारात होती, आणि येत्या शनिवारी तिला माती द्यायचं ठरलं होतं. आमच्याकडे वडीलधारी बाई असो की पुरुष, मानाने ‘नाना’च म्हणतात.

“पोलिसात? तुझी आई पाव भाजायची, बाळ.”

“मलाही तसंच वाटत होतं. पण ब्रेम्पोंग म्हणतो, तू पाठवलेल्या मयताच्या कागदातच लिहिलंय. पोलिसात सार्जंट होती. खात्याच्या फुटबॉल संघाची गोलरक्षक होती. आणि मागे दोन बायका आहेत.”

मुसळी वाडग्यातच थांबली.

“तुझ्या फोनात काय दिसतं?” फ्रेमाने हळूच विचारलं.

“माझ्याकडे सगळं ठीक आहे. पाव, चर्च, आम्ही मुलं. पण असिआमा मामांच्या फोनात त्यांचं नावच नाही. ते म्हणतात, मला कुळातून वगळलंत तर मयत काढायला तरी मला कशाला विचारता? आंटी, ते तुझ्याकडे यायला निघालेत. आम्ही सगळेच निघालोय.”

शवागारातून मयत बाहेर काढायचं तर कुळाच्या कर्त्याची मान हलावी लागते. पोटची मुलं कितीही रडोत, मान हलली नाही तर मयत तिथेच. आणि नाना बिरागोच्या कुळाचे कर्ते म्हणजे असिआमा. ही शनिवारची तारीख हुकली तर पुढे उपासाचे दिवस, मग ईस्टर, म्हणजे म्हातारीला आणखी किती आठवडे त्या गारठ्यात पडून राहावं लागेल, देव जाणे.

कुमासीच्या बांतामा भागात फ्रेमाला ओळखत नाही असं घर सापडायचं नाही, कारण प्रत्येक घरातलं कुणी ना कुणी तिच्या टेबलावरून गेलेलं. तरुणपणी ती लाकडाच्या वखारीच्या कचेरीत टंकलेखन करायची. वखार बंद पडली, तेव्हा तिथला जुना कॉम्प्युटर तिने घरी आणला, पुढच्या खोलीत भरतकाम केलेल्या रुमालाखाली ठेवला आणि चर्चची रविवारची स्तोत्रपत्रकं काढायला लागली. स्तोत्रांच्या मागून मयतं आली, म्हणजे अंत्यविधीला वाटायचे कागद. ती नेहमी म्हणायची, “लग्नाचा कागद चुकला तर चालतो, नवराबायको पुढे जन्मभर दुरुस्तीच करत असतात. मयताच्या कागदाला दुरुस्ती नाही.” नाव लिहायच्या आधी ते एकदा तोंडाने उच्चारायचं, डोळे मिटून देवाच्या हवाली करायचं आणि मगच बोटं चालवायची, असा तिचा नेम. हा नेम तिने एखाद्या वैऱ्यासाठीही मोडला नव्हता.

एवढी सात्त्विक बाई, पण तिचीही एक खोड होती. फार वर्षांपूर्वी सार्जंट बोआदी म्हणून एक गृहस्थ वारले. त्यांचा कागद तिच्या हातून असा काही उतरला, की पुन्हा तसा जमेना. सोनेरी कड, कोपऱ्यांत लिली, मधे फोटो, खाली आयुष्य, त्याखाली नावांच्या रांगा, आणि कुठेही दाटीवाटी नाही. तेव्हापासून ती नवा कागद करतच नसे. बोआदींचाच उघडायचा, फोटो बदलायचा, मजकुरावर पांढरी ठिगळं लावायची आणि ठिगळांवर नव्या मयताचं लिहायचं. तिच्या पडद्यावर ठिगळ दुधासारखं पांढरं दिसायचं. घरच्याच छपाईयंत्रावर एक पान काढून ती ते असाफो भागातल्या छापखान्यात नेऊन द्यायची. वर्षानुवर्षं हेच. सार्जंट बोआदींच्या अंगावर अर्धं बांतामा गाडलं गेलं होतं, आणि कुणाला पत्ता नव्हता.

पण आता लोकांना कागद फोनवर हवा. कुणाची मुलगी हॅम्बुर्गला, कुणाचा भाऊ आबिजानला. नाना बिरागोचा कागद हा फ्रेमाने पीडीएफ करून घराण्याच्या व्हॉट्सअॅप गटावर सोडलेला पहिला कागद. आणि पहिल्याच खेपेला काही फोनांना ठिगळाच्या आरपार दिसायला लागलं होतं.

तिला सगळ्यात लागलं ते हे, की ती नाना बिरागो होती. चर्चच्या गायनमंडळात फ्रेमा तिच्या शेजारी उभं राहून गायला शिकली. खालचा सूर लावायला तिनेच शिकवलं, चुकलं की कोपराने ढोसायची. शेवटच्या आजारात म्हणाली होती, “फ्रेमा, माझ्या कागदात मला मीच ठेव हं. माणूस मेलं की लोक इतकं छान छान लिहितात, की ओळखू येत नाही.”

आणि आता ती गोलरक्षक झाली होती.

“कोण येतंय?” ओट्यावरून मास्तरांनी विचारलं. मास्तर म्हणजे तिचा नवरा अदुसेई, शाळेतून निवृत्त झालेला. तो ओट्यावर बसून लाकडी पाटावरच्या खळग्यांत गोट्या टाकत एकटाच ओवारे खेळायचा, आणि हरला की बायकोवर चिडायचा.

“नाना बिरागोचं कुळ.”

“सगळं?”

“मयत सोडून सगळं.”

गाडी फाटकाशी थांबली. आधी असिआमा उतरले, अंगावर काळं वस्त्र, हातात काठी, चेहरा बंद दुकानासारखा. मागून ब्रेम्पोंग, नाना बिरागोचा भाचा, वकिलाच्या कचेरीत काम करणारा, बगलेत लॅपटॉप. अफ्रियेने नाना दुफीला धरून उतरवलं. नाना दुफी ही नाना बिरागोची थोरली बहीण, कुळातली सगळ्यांत वयस्क. ती निम्मं ऐकायची आणि उरलेलं ऐकायची तिला इच्छा नसायची.

आमच्याकडे पाहुण्याला पाणी दिल्याशिवाय आणि येण्याचं कारण विचारल्याशिवाय भांडता येत नाही. फ्रेमाने घाईघाईत हात पुसले आणि पाणी आणलं. सगळे प्यायले. मास्तरांनी रीतीप्रमाणे विचारलं, “आमच्याकडे सगळं सुखरूप आहे. तुमचं येणं कशासाठी?”

असिआमांनीही रीतीप्रमाणे सांगितलं, “आमच्याकडेही सुखरूप आहे. वाईट काही घेऊन आलो नाही.” मग पेला खाली ठेवला. “बाई, मी तुझं काय घोडं मारलंय?”

“नाना, तसं नाही हो.”

“हे बघ. वाच. ‘मुख्य शोककर्ते’, दोन टिंबं, आणि पुढे पांढरं. मी पांढरा आहे?”

“पांढरा म्हणजे स्वर्गवासी धरतात, नाना,” मास्तर म्हणाले.

“मास्तर, तुम्ही गोट्या खेळा.”

ब्रेम्पोंगने लॅपटॉप उघडून मांडीवर घेतला. “मामा, तुम्ही निदान पांढरे तरी आहात. माझ्या इथे तुमची जागाच गेली. इथे मुख्य शोककर्ते कुणी चीफ इन्स्पेक्टर आहेत.”

“कुठल्या कुळाचे?”

“पोलीस खात्याचे.”

“आमच्या बाईशी त्यांचं काय नातं?”

“ती त्यांच्या हाताखाली होती म्हणे.”

“आणि त्या दोन बायका?” असिआमांनी आवाज खाली आणला. “हे खरं असेल तर त्यांना काळं वस्त्र द्यावं लागेल. आम्हाला कुणी सांगितलं कसं नाही?”

“मामा, आई बाई होती,” अफ्रिये म्हणाली.

“ते मला माहीत आहे. मी कागदाबद्दल बोलतोय.”

पाद्रीबाबांचा निरोपही अफ्रियेनेच सांगितला. त्यांच्या फोनात जुनी आणि नवी अक्षरं एकमेकांच्या खांद्यावर चढून बसली होती. ते म्हणाले होते, मला मुंग्यांची मिरवणूक दिसतेय, वेदीवरून मी वाचू काय? हॅम्बुर्गच्या लेकीकडे मात्र सगळं बरोबर होतं, फक्त नाना बिरागोचं नाव कडेच्या बाहेर जाऊन लिलीच्या फुलात संपत होतं.

फ्रेमाने सगळ्यांना पुढच्या खोलीत नेलं, रुमाल उचलला, पडदा लावला. तिथे नाना बिरागो होती, रविवारची टोपी घालून, पाव भाजणारी, खालच्या सुरात गाणारी. आणि खाली ठळक अक्षरांत, मुख्य शोककर्ते: ओपानिन क्वामे असिआमा.

असिआमांनी ‘ओपानिन’ या वडीलकीच्या मानासकट आपलं नाव दोनदा वाचलं. चेहरा जरा उघडला. मग पुन्हा बंद झाला.

“इथे बरोबर आहे. म्हणजे शनिवारी हजार माणसांनी तुझ्या या खोलीत येऊन रडायचं का?”

फ्रेमाला खोटं बोलता येत नव्हतं असं नाही, पण समोर नाना बिरागोचा फोटो होता. तिने सगळं सांगून टाकलं. सार्जंट, ठिगळं, इतकी वर्षं, सगळं. बोलता बोलता तिचे हात आपोआप पदरासारखे घेतलेल्या वस्त्राच्या टोकाला पुसले जात होते.

असिआमांनी काठीचं टोक पडद्याकडे केलं.

“दुसऱ्याच्या मयताच्या कागदात आमच्या बाईला गुंडाळलंस?” असिआमा म्हणाले.

मास्तर दारातून आत आले. “नाना, राग मानू नका. शनिवारी मांडव भाड्याचा, खुर्च्या भाड्याच्या, बँडवाले भाड्याचे. रडायला दोन बाया भाड्याने येणार आहेत, त्या मागच्या शनिवारी आमच्या गल्लीत रडून गेल्या. कागद तेवढा कोरा हवा?”

“खुर्चीवर जुन्या माणसाचं नाव नसतं, मास्तर.”

“आमच्या शाळेच्या खुर्च्यांवर असायचं.”

“मी नवा करते,” फ्रेमा म्हणाली. “आजच बसते.”

“छापखान्याला आज दुपारीच हवाय,” अफ्रिये म्हणाली. “उद्या ते घेणार नाहीत.”

“आणि नवा केलास तरी फोन तेच,” ब्रेम्पोंग म्हणाला. “उद्या आणखी कुणाला तरी आणखी काही दिसेल. आधी यांतली खरी प्रत कुठली, ते ठरवावं लागेल.” त्याने वकिलासारखे हात मागे बांधले. “प्रत्येकाचा फोन आपापल्या परीने साक्ष देतोय.”

साक्ष म्हटल्यावर असिआमांना वाट सापडली. आयुष्यभर त्यांनी जमिनीचे आणि सोयरिकीचे तंटे सोडवले होते. ते खुर्चीत सावरून बसले, काठी दोन्ही गुडघ्यांमध्ये रोवली आणि म्हणाले, “साक्षीदार वेगवेगळं बोलले तर वडीलधाऱ्याचं खरं धरायचं. आपली रीतच आहे. तेव्हा इथे जो वयाने मोठा, त्याच्या फोनात जे दिसेल तेच खरं. हा माझा निवाडा.” आणि त्यांनी आपला फोन टेबलावर मधोमध ठेवला.

“मामा,” अफ्रिये म्हणाली, “नाना दुफी आहे ना.”

सगळ्यांनी वळून पाहिलं. नाना दुफी भिंतीला टेकून बसली होती. गळ्यात विणलेली पिशवी, पिशवीत बटणांचा फोन, तिच्या नातवाने कधीतरी दिलेला. ब्रेम्पोंगने तो दोन बोटांनी बाहेर काढला आणि बराच वेळ न्याहाळला.

“काय दिसतं?”

“वेळ दिसते. आणि बॅटरी.”

“कागद?”

“काही नाही, मामा. यात काही दिसतच नाही.”

असिआमा आता अडकले. निवाडा देऊन झाला होता आणि तो सगळ्यांनी ऐकला होता. कर्त्याने आपला निवाडा मागे घेणं म्हणजे थुंकी परत गिळणं. त्यांनी टेबलावरचा आपला फोन हळूच उचलून घेतला.

“म्हणजे,” ते शेवटी म्हणाले, “कागदच नाही.”

“आणि कागद नाही तर नाना बिरागो गेलेलीच नाही,” मास्तर म्हणाले. “उठवा तिला. सकाळचे पाव राहिलेत.”

अफ्रिये हसली, आणि हसता हसता रडायला लागली. “मामा, आई तिथे गारठलीय हो. तुमच्या फोनांचं नंतर बघा ना. तुम्ही फक्त मान हलवा.”

“कागद नसताना कशी हलवू? गावाला काय सांगू, कुणाला माती देतोय? सार्जंटला?”

फ्रेमाने डोळे मिटले. देवा, मी ठिगळं लावली, ती माझ्या पदरात घाल. तिला का शिक्षा? एवढंच ती मनात म्हणाली. चुकल्यावर नाना बिरागो कोपराने ढोसायची ते तिला आठवलं, आणि खरोखरच कुणीतरी तिला ढोसलं.

नाना दुफी होती. “कधीपासून कागद कागद करताय,” म्हातारी म्हणाली. “इथे जीव उकडतोय. एक तरी द्या मला, वारा घेते.”

मयताच्या कागदाचा हा उपयोग कुणाला नवा नाही. मांडवात ऊन चढलं की हजार माणसं मयताच्या चेहऱ्यानेच वारा घेत बसतात. फ्रेमाला म्हातारीची कीव आली. तिने यंत्र चालू केलं, घरघर झाली, पान हळूहळू बाहेर यायला लागलं. शेवटची ओळ उमटली न उमटली, तोच पंखा थांबला, पडदा काळा झाला. वीज गेली. गल्लीच्या टोकापासून “हाss” असा नेहमीचा सुस्कारा घरोघर उठत गेला.

फ्रेमाने पान ओढून काढलं तेव्हा लक्षात आलं. अंगठ्याच्या पेरात मिरची राहिली होती. पानावर, नाना बिरागोच्या टोपीच्या कडेला, लालभडक ठसा उमटला.

“अरे देवा. थांबा, दुसरं—” पण दुसरं काढायला वीज नव्हती.

नाना दुफीने पान हिसकावून घेतलं आणि वारा घ्यायला लागली. दोनदा हलवल्यावर तिने ते डोळ्यांपासून लांब धरलं. “बिरागो आहे ही,” ती म्हणाली. “टोपी माझी घातलीय. परत दिलीच नाही कधी.” आणि पुन्हा वारा घेऊ लागली.

असिआमांनी काठी उचलली, हळूच ठेवली. “वडीलधाऱ्याकडे कागद आहे,” ते म्हणाले. “सगळ्यांनी पाहिलंत ना? तिच्याकडे जो आहे तोच खरा.” मग कुणी काही बोलायच्या आत ते वाकून म्हातारीच्या हातात हलणाऱ्या कागदावर आपलं नाव वाचायला लागले. नाव डावीकडे गेलं की मान डावीकडे, उजवीकडे आलं की उजवीकडे.

“मान हलली,” मास्तर म्हणाले. “मी साक्षीदार.”

फ्रेमाने कागद पाच मिनिटांसाठी मागून घेतला. ओट्यावरच्या उजेडात, मास्तरांच्या ओवारेच्या पाटावर तो पसरला, चारी कोपऱ्यांवर गोट्या ठेवल्या आणि फोनने त्याचा फोटो काढला. पीडीएफ नाही, काही नाही, नुसता फोटो. तो तिने गटावर सोडला. खोलीत एकामागून एक फोन वाजले.

“तुझ्याकडे डाग आहे?” असिआमांनी ब्रेम्पोंगला विचारलं.

“आहे. टोपीपाशी.”

“अफ्रिये?”

“आहे, मामा.”

“पाद्रीबाबांना विचार. हॅम्बुर्गला विचार.”

हॅम्बुर्गच्या लेकीने उलट विचारलं, तो लाल ठिपका कसला? पाद्रीबाबांनी लिहिलं, मुंग्या गेल्या, फूल आलं, देवाची स्तुती असो.

“मी छापखान्यात सांगते, तो डाग पुसून काढा,” फ्रेमा म्हणाली.

“हात लावू नकोस,” असिआमा म्हणाले. “आज सकाळपासून सगळ्यांना सारखं दिसलेलं हे एकच आहे. आणि लाल आहे. मयतात जवळच्या माणसांनी लालच बांधायचं असतं. तू तिच्याशेजारी उभी राहायचीस ना गाताना?”

“हो, नाना.”

“मग असू दे.”

शनिवारी नाना बिरागोला माती दिली. मांडवात हजार कागद हलत होते, हजार टोप्यांवर हजार लाल ठसे. पाद्रीबाबांनी वेदीवरून वाचलं, की ती पाव भाजायची, खालच्या सुरात गायची, आणि उधार घेतलेली टोपी परत द्यायची नाही. ही शेवटची ओळ नाना दुफीच्या आग्रहाने आयत्या वेळी हाताने लिहिली होती. फ्रेमाने ऐकलं आणि तिला वाटलं, हो, ही तीच.

जेवणाच्या वेळी पहिल्या रांगेत दोन अनोळखी म्हाताऱ्या आढळल्या. काळ्या वस्त्रांत, डोळे पुसत, पुढ्यात कुटलेल्या कंदाच्या फुफूचे वाडगे. असिआमांनी चौकशी केली तर त्या सार्जंट बोआदींच्या विधवा निघाल्या. ब्रेम्पोंगने आपल्या कचेरीत गंमत म्हणून दाखवलेला कागद फिरत फिरत त्यांच्या फोनात पोहोचला होता.

“त्यांना एकदा माती दिली होती ना?” असिआमांनी विचारलं.

“दिली होती,” थोरली म्हणाली. “पण पुन्हा बोलावणं आलं. नाही कसं म्हणायचं?”

“फोटो बघून वाटलं नाही काही?”

“वाटलं,” धाकटी म्हणाली. “म्हटलं, फार बदललेत.”

असिआमांनी दोघींना मासा वाढायला सांगितला. मास्तर त्यांच्याशी गोलरक्षणावर बराच वेळ बोलत बसले. निघताना त्या फ्रेमाचा हात धरून म्हणाल्या, त्यांचा कागद किती सुंदर होता ग, अजून विसरता येत नाही. फ्रेमाने मान खाली घातली. त्या रात्री झोपण्यापूर्वी तिने सार्जंट बोआदींचं नाव तोंडाने उच्चारलं, डोळे मिटून पुन्हा एकदा देवाच्या हवाली केलं, आणि सोमवारी त्यांचा कागद कॉम्प्युटरातून कायमचा काढून टाकला. ठिगळं बंद झाली. आता ती प्रत्येकाला कोरं पान देते. कड तितकीशी जमत नाही, लिलीही जरा कांद्यासारखी दिसते, पण खाली कुणी झोपलेलं नसतं.

मंगळवारी एक मनुष्य वडलांचा फोटो घेऊन आला. सगळा मजकूर सांगून झाला, नावं सांगून झाली, तरी उठेना.

“आणखी काही?” फ्रेमाने विचारलं.

“तो लाल ठसा, आंटी. टोपीपाशी.”

“तो चुकून पडला होता हो.”

“नाना बिरागोला होता. माझ्या वडलांनी काय पाप केलंय? आणि ठसा नसेल तर खरा कागद कुठला, ते लोकांना कळणार कसं?”

ओट्यावर गोट्या थांबल्या. मास्तरांची पाठ हसत होती.

फ्रेमाने स्वयंपाकघरात जाऊन परात पाहिली. परात रिकामी होती. तिने पिशवी घेतली आणि ती बांतामाच्या बाजारात मिरच्या आणायला निघाली.